अंगणात आणि गच्चीत ठेवायचे जेवणाचे टेबल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर आमचे घर आहे. घरापुढे फरशी घातलेले अंगण असून त्याला लागून कौलारू पडवी आहे. मुले आणि नातवंडे मे महिन्यात व दिवाळीत येतात, तेव्हा आठ जणांनी बाहेर बसून जेवावे अशी आमची फार इच्छा असते. एका दुकानदाराने स्टीलचा सेट सुचवला आहे, गावातले सुतार सागवानच घ्या म्हणतात आणि मुलाने वेताच्या विणीसारख्या दिसणाऱ्या खुर्च्यांचे फोटो पाठवले आहेत. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. एकदाच खर्च करून वर्षानुवर्षे टिकेल असे काय घ्यावे? (एक वाचिका, दापोली तालुका)

उत्तर: आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे घरी माणसे कधी जमतात, ही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात आपण अंगणात जेवणार नाही, त्यामुळे फर्निचरने तो पाऊसही उघड्यावर सोसावा म्हणून जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतचे ऊन, दव आणि खारी हवा सोसणारा, आणि पाऊस लागण्यापूर्वी दोन माणसांना उचलून पडवीत नेता येईल, असा सेट आपल्याला हवा आहे. म्हणूनच आठ जणांचे एक अखंड टेबल करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. १२० सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद अशी दोन टेबले करावीत. जेवताना एका माणसाला सुमारे ६० सेंटिमीटर जागा लागते, त्यामुळे दोन्ही टेबले टोकाला टोक लावून ठेवली की एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार माणसे बसतात, आणि दोन्ही टोकांना एकेक नातवंड सहज सामावते. एरवी आपण घरातलीच माणसे असाल तेव्हा एक टेबल पुरते आणि दुसरे पडवीत भिंतीला लावून ठेवता येते. खुर्चीमागे ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळी जागा राहील ना, हे अंगणात खडूने आखून आधी पाहावे. वाढणाऱ्याला मागून जाता आले पाहिजे.

आता साहित्याविषयी. समुद्रापासून एक किलोमीटर हे अंतर धातूच्या दृष्टीने कमीच आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ प्रत्येक पृष्ठभागावर बसते आणि हवेतला दमटपणा शोषून धातूवर ओलसर थर धरून ठेवते. अनेकांना असे वाटते की पडवीत, छपराखाली ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते. लाकडाच्या बाबतीत ते खरे आहे. धातूच्या बाबतीत मात्र उघड्यावरची वस्तू पावसाने निदान धुतली तरी जाते, छपराखालच्या वस्तूवर मीठ नुसते साठत राहते. पडवीतल्या खिडक्यांचे गज आणि कड्याकोयंडे पाहिलेत तर हे आपल्या लक्षात येईल. यासाठी धातूचे काहीही घेतले तरी ते महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे लागेल, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

दुकानदाराने सुचवलेल्या स्टीलबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो प्रतीचा, म्हणजे ग्रेडचा. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ अशा तीन प्रती प्रामुख्याने मिळतात. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, म्हणून ते स्वस्त पडते. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये याखेरीज दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठापासून खरे संरक्षण मिळते ते त्यामुळे. आपल्या गावी २०२ घेऊच नये. ३०४ वरही तपकिरी डाग पडतील आणि ते वारंवार घासावे लागतील. स्टीलच घ्यायचे तर ३१६ घ्यावे, परंतु त्याची किंमत ऐकल्यावर आपण पुन्हा लाकडाकडे वळाल असे मला वाटते. दुकानात चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल आहे’ असे दाखवतात, त्यावर विसंबू नये, कारण २०२ लाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. प्रत बिलावर लिहून मागावी. दुकानदार लिहून देण्यास तयार नसेल, तर तेवढ्यावरून काय समजायचे ते समजावे. आणि एक महत्त्वाचे: फरशी धुण्यासाठी बाथरूममधले ॲसिड वापरत असाल, तर त्या वेळी स्टीलचे फर्निचर अंगणात असता कामा नये. त्या ॲसिडच्या वाफाही स्टीलला पुरेशा घातक असतात.

साध्या लोखंडावर पावडर कोटिंग (रंगाची भुकटी फवारून, तापवून पक्का केलेला थर) केलेला सेट सर्वांत स्वस्त मिळतो आणि किनाऱ्यावर सर्वांत आधी जातो. कोटिंगला खुर्ची सरकवताना एक ओरखडा गेला की तेथून पाणी आत शिरते आणि वरचा रंग शाबूत दिसत असतानाच आत गंज पसरत जातो. पोकळ पाइपचे पाय असतील तर खालचे प्लॅस्टिकचे बूच काढून पाहावे. पुष्कळदा आत पाणी साठलेले असते.

मुलाने पाठवलेल्या खुर्च्या खऱ्या वेताच्या नसून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या विणीच्या असाव्यात. खरा वेत उघड्यावर ठेवायचा नसतोच. या पट्ट्या पीव्हीसीच्या असतील तर उन्हात त्या कडक होऊन तडकतात; उन्हासाठी प्रक्रिया केलेल्या पॉलिएथिलीनच्या असतील तर बरीच वर्षे चांगल्या राहतात. परंतु खुर्चीचे आयुष्य विणीपेक्षा आतल्या सांगाड्यावर अवलंबून असते. खुर्ची उलटी करून सांगाडा पाहावा आणि तेथे चुंबक लावावा. चिकटला तर सांगाडा लोखंडी आहे आणि विणीखाली लपलेला त्याचा गंज आपल्याला बैठक खचेपर्यंत कळणार नाही. ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर अशा खुर्च्या आपल्याकडे चालू शकतील. मात्र विणीच्या फटींत खारी धूळ आणि अन्नाचे कण अडकतात, ते ब्रशने काढण्याची तयारी असावी.

माझ्या मते आपल्या गावातल्या सुतारांचे म्हणणे योग्य आहे, पण त्यांच्याशी बोलताना ‘सागवान’ एवढ्या शब्दावर थांबू नये. सागाच्या खोडातला गाभ्याचा, सोनेरी तपकिरी भाग टिकाऊ असतो, कारण त्यात नैसर्गिक तेल असते आणि बुरशी व वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. सालीलगतचा पांढरट भाग याच झाडाचा असूनही तो वाळवीला आणि किडीला साध्या लाकडासारखाच बळी पडतो. लहान वयात तोडलेल्या झाडांत या पांढऱ्या भागाचे प्रमाण जास्त असते. पॉलिशमध्ये रंग मिसळून मारला की दोन्ही भाग सारखे दिसू लागतात, म्हणून कोरे लाकूड आपण स्वतः पाहावे आणि मगच पुढचे काम सांगावे. जुने घर उतरवल्यावर मिळणाऱ्या तुळया आणि खांब आपल्या भागात विकत मिळत असतील तर त्यांना प्राधान्य द्यावे. ते लाकूड कित्येक वर्षे वाळलेले असते आणि बहुधा मोठ्या वयाच्या झाडांचे असते. त्यातले खिळे मात्र कापणीपूर्वी काळजीपूर्वक काढून घ्यावे लागतात.

टेबलाचा वरचा भाग अखंड फळीचा करू नये. आठ-दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या आणि त्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरच्या फटी ठेवाव्यात, म्हणजे पाणी साठत नाही आणि पावसाळ्यात लाकूड फुगले तरी त्याला जागा मिळते. सांधे खाच पाडून आणि त्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे कोरलेले टोक, बसवून करून घ्यावेत. नुसत्या खिळ्यांवर उभी असलेली खुर्ची दोन-तीन वर्षांत डुगडुगू लागते. जेथे स्क्रू लागतील तेथे पितळी किंवा ३१६ स्टीलचे वापरावेत. लोखंडी स्क्रूभोवती सागावर काळे डाग पडतात आणि पुढे स्क्रू गंजून त्या जागी लाकूड खराब होते. स्क्रूंवर वाचणारे पैसे फारच थोडे असतात आणि त्यांपायी चांगले लाकूड वाया जाताना पाहून वाईट वाटते. पायांचा खालचा, कापलेला भाग सर्वांत जास्त पाणी शोषतो. तो तेलाने दोन-तीनदा भिजवून त्याखाली नायलॉनचे किंवा रबराचे तुकडे बसवून घ्यावेत.

पॉलिशच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. घरातल्या फर्निचरसाठी असलेले चकचकीत मेलामाइन पॉलिश बाहेरच्या टेबलाला करू नये. उन्हाने त्या थराला बारीक भेगा पडतात, पाणी खाली शिरते आणि लाकूड ठिकठिकाणी काळे पडते. मग सगळा थर खरवडून काढण्यावाचून उपाय राहत नाही. साग कोरा ठेवला तर वर्ष-दोन वर्षांत तो रुपेरी करडा होतो. हा बदल केवळ वरच्या थरात असतो, त्याने मजबुती कमी होत नाही. तपकिरी रंगच हवा असेल तर पावसाळा संपल्यावर, लाकूड पूर्ण वाळल्यानंतर, बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे सागाचे तेल वर्षातून एकदा चोळावे. जवसाचे कच्चे तेल आपल्या दमट हवेत वापरू नये, त्यावर बुरशी धरते. काजूच्या टरफलाचे तेल लाकूड टिकवते हे खरे असले तरी ते कातडीला पोळते, तेव्हा जेथे हात टेकतात किंवा ताट ठेवले जाते तेथे ते कदापि नको. कोऱ्या सागावर हळदीचे डाग पडतील अशी काळजी वाटत असेल, तर ते उन्हाने बरेचसे उडतात. तेलाचे डाग उडत नाहीत, म्हणून भाजी-आमटीची भांडी ताटलीत ठेवावीत.

सासूबाईंच्या खुर्चीचा विचार वेगळा करावा आणि तो सर्वांत आधी करावा. खोलगट, मागे कललेल्या आरामखुर्चीतून उठणे गुडघेदुखी असलेल्या माणसाला फार कठीण जाते. बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, सपाट आणि न खचणारी असावी, आणि हात टेकायच्या पट्ट्या बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेल्या असाव्यात, म्हणजे त्यांवर भार देऊन उठता येते. टेबलाची नेहमीची उंची ७५ सेंटिमीटर असते. त्याखालच्या आडव्या पट्टीला खुर्चीचे हात अडकत नाहीत ना, हे माप सुताराला आधीच द्यावे. या कामासाठी हलकी प्लॅस्टिकची खुर्ची नको. त्या हातांवर जोर देतील आणि गुळगुळीत फरशीवर खुर्ची सरकेल.

आपल्या अंगणाची एक बाजू मोकळी असेल तर आठ खुर्च्या करण्याऐवजी त्या बाजूला जांभ्याचा बांधीव कट्टा करण्याचाही विचार करावा. अडीच मीटर लांबीच्या कट्ट्यावर चार जण बसतात, तो पावसाळ्यात आत न्यावा लागत नाही आणि चार खुर्च्यांचा खर्च वाचतो. त्यावर ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची लादी बाहेरच्या बाजूस किंचित उतार देऊन बसवावी. कट्टा पागोळ्यांच्या रेषेत येऊ देऊ नये, नाहीतर त्यावर कायम शेवाळ धरेल.

पावसाळ्यात पडवीत ठेवलेल्या टेबल-खुर्च्यांवर ताडपत्री घट्ट बांधू नये. आत कोंडलेल्या दमट हवेने जेवढी बुरशी येते तेवढी उघड्यावरही येत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, पायांखाली दगडाचे तुकडे देऊन, वरून जुनी चादर टाकणे पुरेसे आहे.

प्रश्न: पुण्यात सहाव्या मजल्यावर आमच्या फ्लॅटला जोडून उघडी गच्ची आहे. टफन काचेचे गोल टेबल, मधल्या छिद्रातून छत्री आणि चार खुर्च्या असा सेट आवडला आहे. तो टिकेल का? ग्रॅनाइटचे टेबल ठेवल्यास स्लॅबवर भार येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हा सेट घेऊ नये असे मला वाटते. टफन काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, परंतु तिचे बळ मधल्या भागात असते. कडेला लागलेला छोटा टवकाही तिला पुरतो आणि मग ती एका क्षणात संपूर्ण फुटून तिचे बारीक तुकडे होतात. मधल्या छिद्रातून जाणारा छत्रीचा दांडा वाऱ्याने हलत राहतो आणि नेमका त्या छिद्राच्या कडेवर दाब देतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात वळवाच्या पावसाआधी जे वादळी वारे सुटतात, त्यांत सहाव्या मजल्यावर उघडलेली छत्री म्हणजे खाली चालणाऱ्यांना धोका आहे. सावली हवीच असेल तर भिंतीला बसवलेली, गुंडाळता येणारी कनात करून घ्यावी.

पुण्यात पाऊस कोकणाच्या जेमतेम पावपट, वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पडतो आणि खारी हवा नाही. येथे खरा शत्रू ऊन आहे. म्हणून ॲल्युमिनियमचा, पावडर कोटिंग केलेला सेट आपल्याला योग्य ठरेल. कोटिंग पॉलिएस्टर पावडरचे आहे का, हे विचारावे. इपॉक्सी पावडर घरात उत्तम टिकते, पण उन्हात तिचा रंग विटून बोटाला पांढरी भुकटी लागू लागते. जोड वेल्डिंगचे आणि घासून सारखे केलेले असावेत. गडद रंग उन्हात हात लावता येणार नाही इतके तापतात, तेव्हा फिकट रंग निवडावा. ॲल्युमिनियम हलके असल्याने वादळाची चिन्हे दिसताच खुर्च्या एकात एक रचून कठड्याला आतून बांधाव्यात. गाद्या घेतल्यास त्या सुती नकोत, आणि रोज रात्री आत न्याव्यात.

ग्रॅनाइटच्या वजनाचा हिशेब सोपा आहे. दीड मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड लादी सुमारे ७० किलो भरते. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा भार धरलेला असतो, त्यामुळे सुस्थितीतल्या इमारतीत एका टेबलाने काही बिघडणार नाही. मला काळजी वाटते ती वॉटरप्रूफिंगची. टेबल हलू नये म्हणून गच्चीत छिद्र पाडून बोल्ट ठोकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. कोब्याखालच्या थराला एक छिद्र गेले की खालच्या घराचे छत गळू लागते, आणि ती गळती शोधणे फर्निचरच्या किमतीहून महाग पडते. पायांखाली रुंद रबरी पट्ट्या द्याव्यात, म्हणजे भारही पसरतो.

दगडच हवा असेल तर ग्रॅनाइटच घ्यावा. कडप्पा आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, कोकम, चिंच यांचा आंबट रस सांडला की त्यांची चकाकी त्या जागी कायमची जाते. बसायच्या कट्ट्याला याने फरक पडत नाही, जेवणाच्या टेबलाला पडतो.

प्रश्न: नागपूरला आम्ही उन्हाळ्यात रोज रात्री अंगणात जेवतो. टेबलासाठी बर्मा साग घ्यावा की बल्लारशाचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: आपल्या घराजवळ उत्तम साग मिळत असताना दूरच्या लाकडासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशा ज्यात येते त्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेले. गाभ्याचे लाकूड आहे का आणि ते नीट वाळलेले आहे का, हे दोन प्रश्न गावाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहेत. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि जुलैत पुन्हा फुगते, म्हणून रुंद फळ्या चिकटवून केलेला पृष्ठभाग आपल्याकडे हमखास चिरतो. येथेही पट्ट्या आणि फटी असलेलेच टेबल करावे. पट्ट्यांतली स्क्रूची छिद्रे किंचित लांबट ठेवण्यास सुताराला सांगावे.

संध्याकाळी अंगण थंड करण्यासाठी आपण पाणी शिंपडत असाल. त्या पाण्यात टेबलाचे पाय रोज भिजतात आणि पावसाने होत नाही इतके नुकसान या सवयीने होते. पाणी मारण्यापूर्वी टेबल बाजूला करावे, किंवा पायांना दोन इंच उंचीचे पितळी टोपण घालून त्याखाली रबर बसवावे. अंगण मातीचे असेल तर पाय थेट जमिनीवर टेकू देऊ नयेत, दगडी तुकड्यांवर ठेवावेत. पायाच्या कडेला पांढरे लाकूड राहिले असेल तर वाळवी तेथूनच चढते.

प्रश्न: घरातले जुने सहा खुर्च्यांचे डायनिंग टेबल बाहेर झाकलेल्या बाल्कनीत ठेवले तर चालेल का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: टेबल कशाचे आहे यावर ते अवलंबून आहे. खालच्या बाजूने कडा तपासावी. भुशासारखे दाणेदार दिसले तर ते पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ आहे आणि ठाण्याच्या एका पावसाळ्यात ते फुगेल. त्यावर खर्च करू नये. प्लायवूडचे थर दिसले तर शिक्का शोधावा. ‘आयएस ३०३’ आणि ‘एमआर’ असे लिहिलेले प्लाय घरातल्या कोरड्या जागेसाठी असते. ‘आयएस ७१०’ असलेले मरीन प्लाय पाणी सोसते, पण त्याच्याही उघड्या कडा बाहेर ठेवण्यापूर्वी रंगाने बंद कराव्या लागतात. भरीव साग किंवा शिसव असेल तर जुने पॉलिश खरवडून, तेल लावून ते खुशाल बाहेर ठेवावे, मात्र पावसाची झड जेथवर येते तेथून हातभर आत. खुर्च्यांच्या स्पंज आणि कापडाच्या बैठका काढून त्या जागी सागाच्या पट्ट्या बसवून घेतल्या तर हे काम नव्या सेटच्या निम्म्याहूनही कमी खर्चात होईल.